दहा मिली पाणी

अबू धाबीतली ती माझी पहिलीच नोकरी, आणि काम म्हटलं तर नक्कल करण्याचं. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या अंतराळ स्थानकात एका डब्यात अळीव उगवत होते. तसल्याच दुसऱ्या डब्यात, त्याच पिशवीतले, तितकेच अळीव आमच्या प्रयोगशाळेत उगवत होते. वरच्या रोपांना जे जे होईल, ते ते खालच्यांना बरोबर दोन दिवसांनी करायचं. वर पाच मिली पाणी, तर खाली पाच मिली. वर दिवा चाळीस मिनिटं उशिरा लागला, तर खालीही उशिरा लावायचा. स्थानकात कशामुळे तरी डब्याचं तापमान एका अंशाने चढलं, तर दोन दिवसांनी मी आमचा डबा ठेवलेल्या कपाटाचं तापमान एका अंशाने चढवायचं. दोन डब्यांत फरक उरायचा तो एवढाच, की वरच्यांना वजन नाही आणि खालच्यांना आहे. शेवटी मुळं कापून मोजायची आणि जो फरक दिसेल तो वजन नसण्याचा, असं म्हणायचं. सगळा प्रयोग या एका गोष्टीवर उभा होता, आणि ती गोष्ट सांभाळायला मला ठेवलं होतं.

अळीव म्हणजे तेच, आपण बाळंतिणीला लाडू करून घालतो ते. आमच्या प्रोफेसरबाई युरोपातल्या. त्यांच्याकडे त्याची कोवळी पानं ब्रेडवर घालून खातात. मी त्यांना लाडवांचं सांगितलं तेव्हा त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. तशा त्या सरळ बाई. पहिल्याच आठवड्यात त्यांनी प्रयोगशाळेच्या दाराशी पिवळ्या कागदांची एक गठ्ठी टांगली, शेजारी दोऱ्याला बांधलेलं पेन. कागदावर तीनच रकाने: काय झालं, कधी झालं, कोणाकडून झालं. "ठरल्यापेक्षा काहीही वेगळं घडलं तर इथे लिहा," त्या म्हणाल्या. "मी कोणाला खाणार नाही. फक्त मला कळलं पाहिजे."

पुण्यात मी एका कॉलेजात कंत्राटी लेक्चरर होते, वनस्पतिशास्त्राची. मग नवऱ्याला इथे नोकरी लागली, मुलगी झाली, आणि अकरा वर्षं मी मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये डबे भरत, अभ्यास घेत आणि बाल्कनीतल्या कढीपत्त्याला पाणी घालत काढली. लोक विचारायचे, "तू काय करतेस?" आणि मी म्हणायचे, "सध्या ब्रेक आहे." अकरा वर्षांचा ब्रेक कोणाचा असतो? त्यामुळे गळ्यात अडकवायचं ओळखपत्र मिळालं, तेव्हा मी ते घालूनच सुपरमार्केटमध्ये भाजी घ्यायला जात असे. मुलीने शाळेत सांगून टाकलं होतं, "माय मॉम लुक्स आफ्टर स्पेस प्लांट्स." मी तिला दुरुस्त केलं नाही. ती खालची रोपं आहेत, अंतराळातली नव्हेत, हे सांगायला तोंड उघडत नव्हतं.

वरचं बोलणं आम्हाला ऐकू यायचं. स्थानकातली माणसं जमिनीशी दिवसभर बोलत असतात आणि ज्यांचे प्रयोग वर चाललेत त्यांना ते ऐकायची सोय असते. मी कानाला हेडफोन लावून बसायचे. सुरुवातीला मला वाटलं होतं, काहीतरी भव्य कानावर पडेल. प्रत्यक्षात बहुतेक वेळा ती माणसं काहीतरी शोधत असायची. हातातून सुटलेला स्क्रू, कुठल्याशा पिशवीमागे गेलेली टेप. तिथे वस्तू खाली पडत नाही, त्यामुळे ती कुठेही असू शकते. दिवसाचं वेळापत्रक पाच-पाच मिनिटांचं, त्यावरून एक लाल रेघ सरकत जायची, आणि माणसं कायम त्या रेघेच्या मागे धावत. दिवसातून सोळा वेळा सूर्य उगवतो तिथे, पण तो बघायला फुरसत असलेलं कोणी मला ऐकू आलं नाही. पाणी तर काय, घाम आणि लघवी गाळूनच परत प्यायचं. हे मी घरी सांगितलं तेव्हा मुलीने "ईऽऽ, ग्रोस" म्हणून कान झाकले होते.

आमचा डबा ज्या अंतराळवीराकडे होता तो हळू बोलणारा माणूस होता. सिरिंजने पाणी देताना तो सांगत राहायचा, की बघा, आता सुईच्या टोकावर गोळा झालाय, आता तो मुळांना चिकटला, आता माझ्या बोटावर चढतोय. ते ऐकताना मला त्याच्याविषयी फार आपुलकी वाटायची. घरच्या माणसासारखा वाटायचा तो.

आता मामांविषयी सांगते. पुण्यात कॉलेजच्या शिपायाला मामा म्हणायची पद्धत, तीच मी इथे चालू ठेवली. आमच्या मजल्याची सफाई करणारे हे गृहस्थ देवगडकडचे, पन्नाशी ओलांडलेले, वाळक्या अंगाचे. ते मला ताई म्हणत. आधी ते बांधकामाच्या साईटवर होते. लागोपाठ दोन उन्हाळ्यांत चक्कर येऊन पडले. दुसऱ्या वेळी हॉस्पिटलात ठेवावं लागलं आणि डॉक्टरने उन्हात काम करायचं नाही असं लिहून दिलं. मग त्यांच्या सफाई कंपनीने त्यांना आमच्या इमारतीत टाकलं. "इथे थंड आहे, ताई," ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते. "अजून तीन वर्षं काढायची आहेत. इथेच काढणार. परत साईटवर टाकलं तर मी काय टिकत नाय."

प्रयोगशाळेत येऊन लादी पुसायची त्यांना परवानगी होती, कशाला हात लावायची नव्हती. ते कपाटाच्या काचेपाशी उभे राहून रोपं बघत. "हळीव ना हे?" त्यांनी लगेच ओळखलं होतं. मुलीच्या बाळंतपणाला त्यांनी इथून काजू-बदाम पाठवले होते आणि हळीव तिकडेच घ्यायला सांगितले होते, ते सगळं सविस्तर ऐकवलं. मी त्यांना वरच्या डब्याचं सांगितलं. त्यांना ते फार आवडलं. रोज विचारत, "वरचे कसे आहेत?" जणू गावाकडच्या कोणाची खुशाली. संध्याकाळी स्थानक डोक्यावरून कधी जाणार, याची वेळ मी त्यांना कागदावर लिहून द्यायचे, आणि मुसफ्फाच्या कारखान्यांच्या भागातल्या त्यांच्या कामगार कॅम्पच्या गच्चीवरून ते बघायचे.

प्रयोगाच्या नवव्या दिवशी, गुरुवारी, वरचं टॉयलेट बिघडलं. हसू येईल, पण तिथे ती मोठीच आपत्ती. आमच्या अंतराळवीराचा सगळा दिवस त्यात गेला आणि रोपांना पाणी द्यायचं राहून गेलं. शुक्रवारी सकाळी तोच आपणहून बोलला. त्याचं बोलणं जगभर कितीतरी लोक ऐकत असणार. तो म्हणाला, "काल पाणी द्यायचं राहिलं. माझी चूक. लिहून घ्या." खालून कोणीतरी "कॉपी" म्हणालं, म्हणजे ऐकलं, कळलं. बस्स, एवढंच. लाल रेघ पुढे सरकली.

प्रोफेसरबाईंनी लगेच हिशोब केला. वरची रोपं तीस तास तहानेली राहिली, म्हणजे आमचीही शनिवारी सकाळपासून रविवार दुपारपर्यंत राहणार. शनिवारची पाळी माझी होती. "काही करायचं नाही," त्या मला म्हणाल्या. "फक्त काही करायचं नाही, एवढंच तुझं काम आहे."

शनिवारी दुपारी रोपांनी माना टाकल्या. मी दर तासाला फोटो काढत होते आणि आकडे लिहीत होते. मामा लादी पुसायला आले, काचेपाशी थांबले.

"ताई, ह्यांना पानी नको?"

मी समजावलं. वर मिळालं नाही, म्हणून इथे द्यायचं नाही.

"वरच्याला नाय मिळालं म्हणून खालच्यानेपण मरायचं?"

"सायन्समध्ये असंच असतं मामा," मी म्हटलं, आणि म्हणताना माझ्या आवाजात जो तोरा होता तो मला अजून आठवतो. ते हसले, पुसून झालं तसे गेले.

ते गेल्यावर मी काय केलं ते आता सरळ सांगते. मी सिरिंज उचलली आणि दहा मिली पाणी दिलं. पुष्कळदा मी स्वतःला सांगून पाहिलं आहे, की मला दया आली. दया थोडी आली असेलही. पण जास्त खरं हे, की रोज सकाळी कढीपत्त्याला पाणी घालणारा हात तो, तो आपोआप पुढे गेला. आणि मध्येच मला भान आलं तेव्हा मी थांबले नाही. दहा मिलीने काय होतंय, असं वाटलं. मला त्यातलं कळतं, असं वाटलं. ट्रेखाली वजनकाटा आहे, त्याचे आकडे रोज मीच उतरवते, हेही डोक्यात होतं. तरी वाटलं, एवढंसं कशाला दिसतंय.

पाच मिनिटांत रोपं नाही, पण मी भानावर आले. दाराशी जाऊन पिवळा कागद ओढला. काय झालं, कधी झालं, हे दोन रकाने मनातल्या मनात भरूनसुद्धा झाले. तिसऱ्याशी पेन अडलं. कोणाकडून झालं. अकरा वर्षांनी मिळालेली नोकरी, आणि मला सांगितलेलं एकच काम, काही करायचं नाही, तेवढंही मला जमलं नाही, हे मी माझ्या हाताने माझ्या नावासकट लिहायचं होतं. मी कागद घडी करून पर्समध्ये घातला. सोमवारी तोंडानेच सांगू, असं ठरवलं. रविवारी घरी पाव्हणे होते, पुरणपोळी होती. मी सगळ्यांना टॉयलेटचा किस्सा रंगवून सांगितला आणि पाण्याचं सांगितलं नाही.

सोमवारी मी पोचले तेव्हा प्रोफेसरबाई स्क्रीनसमोर बसल्या होत्या. ट्रेच्या वजनाच्या आलेखाची रेघ शनिवारभर खाली उतरत होती आणि बारा चाळीसला तिला एक पायरी होती. एवढीशी, पण स्वच्छ. इतकी स्वच्छ, की पोरानेसुद्धा ओळखावी.

"दहा मिली," त्या म्हणाल्या. "तू दिलंस का?"

"नाही," मी म्हटलं.

मला विचार करायला वेळ मिळाला नाही, असं मी म्हणू शकत नाही. दोन दिवस मिळाले होते. त्या दोन दिवसांत मी खरं बोलायची तयारी केली होती आणि तोंडातून निघालं ते हे.

त्यांनी दाराची नोंद काढली. शनिवारी त्या वेळात दोनच कार्डं लागलेली, माझं आणि मामांचं. मग म्हणाल्या, "तो रोपांशी बोलत असतो. मी पाहिलंय." आणि मग, "त्याला बोलाव. मी रागावणार नाही, हे त्याला आधी सांग. तुझ्या भाषेत विचार, म्हणजे तो घाबरणार नाही."

मामा आले ते बादली हातात घेऊनच. दारातच उभे राहिले. प्रोफेसरबाई त्यांच्याकडे बघून हसल्या. मी मराठीत विचारलं, "मामा, शनिवारी रोपांना पाणी घातलं का कोणी?"

मी 'कोणी' म्हटलं. 'तुम्ही' म्हणवेना.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, असं आता वाटतं. असेल दोन-चार सेकंदच. मग म्हणाले, "मी नाय घातलं, ताई. मला हात लावायची परमिशन नाय. पण खरं सांगतो, तहानलेली दिसत होती ती. दया येत होती बघून."

"काय म्हणतो?" प्रोफेसरबाईंनी विचारलं.

मी इंग्रजीत म्हणाले, "तो म्हणतोय, रोपं तहानलेली दिसत होती. बघून त्याला दया आली."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. मी फक्त पहिली दोन वाक्यं वगळली. हे मी नंतर नवऱ्याला सांगितलं तेव्हा असंच सांगितलं, की मी खोटं बोलले नाही. तो म्हणाला, "खलास, झालं ते झालं. आता उकरून काढू नकोस, नोकरी जायची." आणि मला बरं वाटलं. त्याचीही मला लाज वाटते.

प्रोफेसरबाई मामांना हळूच म्हणाल्या, "इट्स ओके. थँक यू." मामांनी मान हलवली. एकदा माझ्याकडे, एकदा बादलीकडे बघून ते गेले. मी मनाशी म्हटलं, बरं झालं, त्यांना काही कळलं नाही.

कोणी त्यांना नोकरीवरून काढलं नाही. प्रोफेसरबाईंनी इमारतीच्या ऑफिसला साधा ईमेल केला, की आमच्या खोलीसाठी कृपया दुसरा माणूस द्या, याच्याविषयी तक्रार नाही. पण ईमेल ऑफिसातून कंपनीकडे गेला, आणि कंपनीकडे अशा ईमेलचा एकच अर्थ होतो, की माणूस तिथून हलवा. बुधवारी दुसराच माणूस पुसायला आला. नेपाळचा होता. मी त्याला मामांविषयी विचारलं नाही. त्याला माहीत नसेल असं मी धरून चालले.

उरलेले दिवस मी प्रयोग अगदी काटेकोर सांभाळला. इतका, की प्रोफेसरबाईंनी एकदा माझं कौतुक केलं. वरचा अंतराळवीर सिरिंजने पाणी देत राहिला, गोळा बोटावर चढल्याचं सांगत राहिला. मला त्याचा आवाज ऐकवेना. मी हेडफोन कानाला लावायचे आणि आवाज बंद ठेवायचे. एकदा संध्याकाळी सातच्या सुमारास मुलगी मला ओढत गच्चीवर घेऊन गेली. स्थानक वायव्येकडून वर आलं, विमानासारखंच, पण न लुकलुकणारं, आणि सरळ आमच्या डोक्यावरून गेलं. मुलीने हात हलवला.

"मम्मा, डज ही नो यू?"

"नाही गं."

"बट यू नो हिम."

मी म्हटलं, हो, मी ओळखते त्याला. त्या वेळी मुसफ्फाच्या गच्चीवर मामा असतील का, असं मनात आलं. त्यांना आता वेळ लिहून देणारं कोणी नव्हतं.

प्रयोग संपला. वरच्या रोपांपैकी बरीच वाळली होती, आमची जवळजवळ सगळी तगली होती. मुळं मोजून झाली आणि मे महिन्याच्या शेवटी प्रोफेसरबाईंनी पहिल्या अहवालाचा मसुदा मला तपासायला पाठवला. चौथ्या पानावर एक वाक्य होतं: नवव्या दिवसाशी जुळणाऱ्या कोरड्या काळात खालच्या संचाला सफाई कर्मचाऱ्याकडून अनवधानाने दहा मिली पाणी दिले गेले, म्हणून त्या काळानंतरच्या तुलनेत सावधगिरी बाळगावी.

मी ते वाक्य वाचून स्वयंपाकघरात गेले, कुकर लावला, परत येऊन वाचलं. त्यात मामांचं नाव नव्हतं. माझंही नव्हतं. पण ते छापलं जाणार होतं. जगात कोणीतरी, कुठेतरी, अळिवाच्या मुळांवर काम करणारा कोणी तरुण ते वाचणार होता आणि मानेने हो म्हणून पान उलटणार होता. पर्समधला तो पिवळा कागद मी तेव्हा बाहेर काढला. चुरगळला होता. तिन्ही रकाने भरले.

दुसऱ्या दिवशी मी तो प्रोफेसरबाईंच्या टेबलावर ठेवला आणि उभी राहिले. त्यांनी वाचला. मला वाटलं होतं त्या ओरडतील; खरं म्हणजे ओरडाव्यात अशी माझी इच्छा होती. त्यांनी फाईल उघडली, चौथ्या पानावर गेल्या, 'सफाई कर्मचाऱ्याकडून' हे शब्द पुसले आणि तिथे 'संशोधन गटातील सदस्याकडून' असं टाइप केलं. त्याला अर्धं मिनिट लागलं.

"आकडा तोच आहे," त्या म्हणाल्या. "निष्कर्ष बदलत नाही." मग स्क्रीनवरून नजर न काढता त्यांनी विचारलं, "आणि तो माणूस?"

मी म्हटलं, मी त्याला भेटून येईन.

"मी कंपनीला आज लिहिते," त्या म्हणाल्या. "पण तू जा."

माझं काहीच गेलं नाही. नोकरी राहिली, ओळखपत्र राहिलं. मी खरं बोलले म्हणून त्यांनी पुढेही कधी त्याचा उल्लेख केला नाही, आणि इमारतीत माझ्याविषयी कोणी चकार शब्द काढला नाही. सुपरमार्केटमध्ये जाताना मात्र मी ओळखपत्र पर्समध्ये ठेवायला लागले.

मामांचा पत्ता काढायला चार फोन लागले. ते मुसफ्फामध्ये एका मोठ्या बसतळावर होते, झाडलोटीला. आमच्या घरापासून गाडीने वीस मिनिटं. जून अर्धा उलटला होता. दुपारी साडेबारा ते तीन उन्हातलं काम बंद असतं, म्हणून मी त्याच वेळात गेले. बसतळाला छप्पर नव्हतं. एका भिंतीच्या सावलीत सात-आठ माणसं पुठ्ठे अंथरून पडली होती, आणि मामा एका टोकाला बसलेले होते, डोक्यावर ओला पंचा. आणखी वाळल्यासारखे दिसले. ओठ फुटले होते.

"या ताई," ते म्हणाले. उठायला लागले, मी नको म्हटलं. त्यांनी शेजारच्या माणसाला सरकायला लावून मला पुठ्ठ्यावर जागा केली आणि थर्मासच्या जगमधून स्टीलचा ग्लास भरून पुढे केला. "पानी घ्या आधी. उन्हातून आलात."

मी प्यायले. गाडीत एसी होता, पार्किंगपासून जेमतेम शंभर पावलं चालून आले होते.

"वरचे कसे आहेत?" त्यांनी विचारलं.

"संपला तो प्रयोग, मामा. वरचे बरेच वाळले."

"हं. आणि आपले?"

"आपले जगले."

त्यांनी मान हलवली. मी म्हटलं, "चक्कर वगैरे येते का हो?"

"एकदा आली. आता पंचा ओला ठेवतो." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "चालतंय."

मी गाडीत सगळं घोकून आले होते. सुरुवात कशी करायची, कुठे थांबायचं. ते सगळं तसंच राहिलं. मी म्हटलं, "मामा, त्या शनिवारी पाणी मी घातलं होतं."

"माहीत आहे ना. माझा वायपर राहिला होता आत, म्हणून मी मागे आलो. दाराच्या काचेतून दिसलात. मग म्हटलं, जाऊ दे, घालू दे. बरंच केलंत. मला ते बघवत नव्हतं."

शेजारचा माणूस झोपेत कुशीवर वळला. त्याच्या तोंडावरची टोपी मामांनी नीट केली.

"आणि मॅडमना मी जे सांगितलं," मी म्हटलं, "ते तुम्ही म्हणालात तसं नव्हतं. मी अर्धंच सांगितलं."

"ते पन कळलं मला."

"कळलं?"

"एकवीस वर्षं झाली गल्फमध्ये, ताई. इंग्लिश बोलायला येत नाय. समजतं सगळं."

माझ्या हातातल्या ग्लासात तळाशी थोडं पाणी उरलं होतं. मी त्याच्याकडे बघत राहिले, त्यांच्याकडे बघणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, मला खरंच फार वाईट वाटतं. म्हटलं, मॅडमनी कंपनीला लिहिलंय, तुम्हाला परत आमच्याकडे घ्या म्हणून, नाहीतर कुठेतरी आतलं काम द्या म्हणून. "इन्शाल्ला," ते म्हणाले. काम होणार नसलं तरी इथे हाच शब्द वापरतात, हे मलाही माहीत आहे, त्यांनाही माहीत होतं. कंपनीचं उत्तर आदल्याच दिवशी आलं होतं, की सध्या जागा नाही, कळवू. ते मात्र मी त्यांना सांगितलं नाही. पुन्हा अर्धंच.

मग मी ते विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं, कारण तेव्हाही कुठेतरी मला वाटत होतं की थोडा दोष त्यांच्याकडे जाईल. "मामा, सगळं समजत होतं, तर मग तुम्ही तिथेच का नाही बोललात?"

त्यांनी डोक्यावरचा पंचा काढला, पिळला. पाणी जवळजवळ निघालंच नाही.

"बोललो ना," ते म्हणाले. "मला जे बोलायचं होतं ते बोललो. तिथून पुढे न्यायला तुम्हीच होतात."

तीन वाजले होते. सुपरवायझर "यल्ला, यल्ला" करत आला, माणसं उठून पुठ्ठे गोळा करायला लागली. मामांनी पंचा पुन्हा डोक्याला बांधला, भिंतीला टेकवलेला झाडू घेतला.

"ग्लास त्या थर्मासवर ठेवा, ताई," ते म्हणाले, आणि उन्हात गेले.